बोटीचा जड ट्रेलर हाताने गॅरेजमध्ये घालायचा तर

मिनेसोटात ऑक्टोबर उजाडला की सगळ्यांची एकच गडबड, तळी गोठायच्या आत बोट बाहेर काढा, इंजिनातलं पाणी काढा आणि ठेवायला जागा शोधा. स्टोरेजला दर महिन्याला भाडं भरायचं नसेल तर आपलंच गॅरेज. माझी बोट १७ फुटी अ‍ॅल्युमिनियमची, मागे बाहेरून लावलेलं ९० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, ट्रेलर, पेट्रोल, बॅटऱ्या सगळं धरून साधारण २४०० पाउंड म्हणजे ११०० किलो. गॅरेजचं तिसरं दार एकट्या गाडीपुरतं, ९ फूट रुंद, आणि ट्रेलर या मडगार्डपासून त्या मडगार्डपर्यंत ९२ इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच, वीतभरसुद्धा नाही. त्यात ड्राइव्हवे वळून येतो आणि नेमक्या वळणावर शेजाऱ्यांचं मेपलचं झाड, त्यामुळे मिनीव्हॅन जोडून रिव्हर्समध्ये सरळ आत घालणं मला काही जमत नाही. शेवटचे २५ फूट हातानेच.

पहिल्या वर्षी मी काय केलं, तर दोन मित्रांना जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर "चला जरा बोट ढकलू" म्हणालो. पायात चप्पल. तिघांनी जोर लावला, ट्रेलर हलला, आणि ट्रेलरच्या पुढच्या दांडीला आधार देणाऱ्या जॅकचं एवढंसं चाक काँक्रीटच्या सांध्यात अडकलं. आम्ही अजून जोर लावला. जॅकची पिन नीट बसलेली नव्हती, जॅक दुमडला आणि दांडी धाडकन खाली, माझ्या अंगठ्यापासून चार बोटांवर. काँक्रीटचा तिथला टवका अजून तसाच आहे. तेव्हापासून मी ही गोष्ट ताकदीने करतच नाही, आता मी आणि बायको दोघं मिळून दीड तासात करतो आणि त्यातला तासभर ट्रेलरला हातसुद्धा लावलेला नसतो.

आधी टेप काढा

रुंदी सगळे मोजतात, उंची आणि लांबीत फसतात. इथलं गॅरेजचं दार साधारण ७ फूट उंच म्हणजे ८४ इंच, पण दार उघडून वर गेलं तरी त्याची खालची कड बऱ्याचदा थोडी लोंबतच असते, म्हणून दार उघडं ठेवून प्रत्यक्ष मोकळी जागा मोजा. बोटीची काच किंवा खांबावरचा दिवा अडत असेल तर पुढची दांडी जॅकने वर केली की मागचा भाग खाली जातो आणि दांडी खाली केली की मागचा वर येतो, यात दोन-तीन इंच आरामात मिळतात.

लांबी मोजताना दांडीच्या टोकापासून इंजिनच्या शेवटच्या टोकापर्यंत मोजायचं. इंजिन वर उचललेलं असताना ते मागे बरंच बाहेर येतं, सरळ खाली सोडलं की एक-दीड फूट वाचतो, स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवलं की अजून थोडं. पण खाली सोडायचं ते आत गेल्यावर, आधी सोडलंत तर इंजिनचं खालचं पातं उंबऱ्याला घासेल. हिवाळ्यात इंजिन उभंच ठेवायचं असतं नाहीतरी, आतलं पाणी निथळून जातं, वर उचललेल्या इंजिनात पाणी राहिलं आणि गोठलं की गिअरकेस फुटू शकते. तरीही जागा कमी पडली तर दांडीला बिजागरी बसवून ती बाजूला दुमडता येते, नवीन ट्रेलरला ती बऱ्याचदा असतेच.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. "तिरकी लाव ना, बसेल" असं येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो. समजा बोट-ट्रेलर मिळून २० फूट लांब आणि मागे ८ फूट रुंद आहे, पुढे निमुळता. तो तिरका करायला लागलं की मागचा एक कोपरा आधी भिंतीकडे जातो, त्यामुळे सुरुवातीला जागा कमी नाही, जास्त लागते. १० अंशांवर २० फूट ५ इंच लागतात! साधारण २२-२३ अंशांच्या पुढे गेलात तरच फायदा सुरू होतो, ३० अंशांवर कुठे आठ इंच वाचतात, आणि तोवर शेजारच्या कारची जागा गेलेली असते. दोन गाड्यांचं रुंद दार असेल तर करा, माझ्यासारख्या ९ फुटी दारात विषयच नाही.

किती जोर लागतो

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण सगळं इथेच आहे. सपाट काँक्रीटवर, टायरात हवा भरपूर असेल तर २४०० पाउंडाचा ट्रेलर चालता ठेवायला ३५-४० पाउंड जोर पुरतो, म्हणजे १६-१८ किलो. जागचा हलवायला थोडा जास्त. एक माणूस करू शकतो. पण चढ आला की गणित बदलतं. माझा ड्राइव्हवे २० फुटांत एक फूट चढतो, ५ टक्के, दिसायला काहीच नाही, चेंडू ठेवला तर घरंगळेल इतकंच. त्या चढाचे २४०० पाउंडावर १२० पाउंड जास्तीचे लागतात, म्हणजे एकूण दीडशेच्या वर. ढकलताना हा जोर सतत लागतो आणि दम घ्यायला थांबलात तरी तो १२० पाउंड तुमच्या अंगावर असतोच.

आणि उंबरा! ड्राइव्हवे हळूहळू खचतो आणि गॅरेजची लादी आहे तिथेच राहते, त्यामुळे सांध्यावर इंचभर पायरी तयार होते. ट्रेलरच्या १३ इंची रिमच्या टायरची त्रिज्या साधारण १२ इंच धरली तर एक इंचाच्या पायरीवर जागच्या जागी चढवायला चाकांवरच्या वजनाच्या ४० टक्क्यांहून जास्त आडवा जोर लागतो, म्हणजे माझ्या बोटीला ९०० पाउंडांच्या वर. टायर दबतो म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी, पण तिघांच्या बापाला न जमणारा. म्हणून मग लोक लांबून पळत येऊन गती घेतात, आणि तेच करायचं नसतं, कारण पायरी चढलेला ट्रेलर गतीतच आत जातो आणि तो कोण थांबवणार, पलीकडची भिंत?

जॅकच्या सहा इंची चाकाचं तर अजून वाईट. त्याची त्रिज्या तीन इंच, एक इंचाच्या पायरीला त्याच्यावर जेवढं वजन आहे त्याहून जास्त आडवा जोर लागतो. पहिल्या वर्षी माझा जॅक का दुमडला ते मला हे गणित मांडल्यावर कळलं.

उपाय अगदी साधा आहे, उतार करा. दीड-दोन फूट लांबीची जाड फळी पाचरीसारखी तासून दोन्ही चाकांच्या रेषेत उंबऱ्याला लावा, फळीची जाड कड बरोबर उंबऱ्याइतकी. रबराची तयार पट्टी मिळते तीही चालते. मी फळ्यांना खालून जुन्या टायरट्यूबचे तुकडे चिकटवलेत, नाहीतर चाक टेकलं की फळी मागे सटकते.

ट्रेलर तयार करणं

टायरात हवा साइडवॉलवर छापलेल्या आकड्याइतकी भरा, उन्हाळाभर कोणी बघितलेलं नसतं आणि अर्धवट हवेच्या टायरवर ट्रेलर चालता ठेवायला बराच जास्त जोर लागतो. एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा, खरखर आवाज आला तर बेअरिंगला ग्रीस द्या, तसंही हिवाळ्याआधी द्यायचंच असतं. कूलर, अँकर, मासेमारीचे डबे, ट्रोलिंग मोटरच्या (बोट हळू चालवायच्या छोट्या विजेच्या मोटरच्या) बॅटऱ्या बाहेर काढा, एकेक बॅटरी ५० पाउंडांच्या आसपास असते, त्या तशाही आत नेऊन चार्जवर ठेवायच्या आहेत. बोटीच्या बुडाचं बूच काढलेलं असेलच, तळ्यावरून निघताना ते काढून बोट रिकामी करणं इथे कायद्यानेच बंधनकारक आहे, झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. तरी बघा, आत पाणी राहिलं असेल तर गॅलनला आठ पाउंडांहून जास्त वजन फुकट ढकलाल. बोट ट्रेलरला बांधलेले पट्टे मात्र सोडायचे नाहीत, पुढचाही नाही आणि मागचेही नाहीत.

सामान काढताना एक लक्षात ठेवा. बैलगाडी पाहिलेल्यांना धुरजड आणि उलाळ हे शब्द माहीत असतील. ओझं पुढे जास्त झालं तर जू बैलांच्या मानेवर दाबतं, गाडी धुरजड, आणि मागे जास्त झालं तर जू वर उचललं जातं, गाडी उलाळ. ट्रेलरचंही अगदी तेच. दांडीवर एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार असावा, माझ्या बाबतीत २०० पाउंडांच्या वर. पुढच्या कप्प्यांतलं सगळं सामान काढलंत आणि मागे इंजिन, पेट्रोलची टाकी तशीच, की ट्रेलर उलाळ व्हायला लागतो. त्यात गाडीपासून सुटलेल्या ट्रेलरवर मागून कोणी बोटीत चढला तर दांडी हवेत. ट्रेलर गाडीला जोडलेला नसेल तर बोटीत कोणीही चढायचं नाही, हा आमच्या घरात नियम आहे आणि तो मुलाइतकाच मलाही लागू आहे.

ब्रेक असलेला ट्रेलर असेल तर अजून एक भानगड. बोटीच्या ट्रेलरला बऱ्याचदा सर्ज ब्रेक असतात, दांडीचं टोक मागे दाबलं गेलं की ब्रेक लागतात. तुम्ही टोकाला धरून मागे ढकलता आणि ट्रेलर हलतच नाही, मग वाटतं बेअरिंग जाम झालं. टोकाला ढकलू नका, त्याच्या मागच्या पक्क्या फ्रेमला ढकला. काही ट्रेलरना रिव्हर्ससाठी ब्रेक बंद करायची पिन असते, ती लावलीत तर आत गेल्यावर आठवणीने काढा.

शेवटी झाडू. गंमत नाही करत, जॅकच्या चाकाखाली आलेला हरभऱ्याएवढा खडा सगळं थांबवतो. जमीन कोरडी हवी, ओली पानं पडली असतील तर ती आधी गोळा करा, त्यावरून आपलेच पाय घसरतात. आणि बूट घाला, लेसवाले.

खडूच्या रेषा

गॅरेजच्या लादीवर दोन्ही चाकं जिथून जायला हवीत त्या दोन रेषा सुतळीला खडू लावून मारून घ्या आणि त्या बाहेर ड्राइव्हवेवर आठ-दहा फूट वाढवा. मधली तिसरी रेषा दांडीसाठी. मागच्या भिंतीपासून इंजिनला जागा सोडून जिथे चाकं थांबायला हवीत तिथे आडवी रेघ. यामुळे दोन्ही मडगार्डांकडे बघत मान मोडायची गरज राहत नाही, चाक रेषेवर आहे ना, मग आठ इंच आहेतच. मिनीव्हॅनने ट्रेलर जमेल तेवढा या रेषांच्या सरळ आणून ठेवा, चाकांना ठोकळे लावा, आणि मगच गाडीपासून सोडा. हा क्रम चुकवला की ट्रेलर उतारावरून रस्त्याकडे निघतो.

चढ असेल तर हात नाही, कम-अलाँग

कम-अलाँग म्हणजे दांडा मागेपुढे करून दातऱ्यावर केबल ओढायचं हातयंत्र, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. मी गॅरेजच्या मागच्या टोकाला लादीत ड्रिल मारून अँकर बोल्टांनी कडीची लोखंडी प्लेट बसवली आहे. भिंतीला किंवा शेल्फच्या लाकडाला बांधू नका, ते उखडून येईल. टेक्सासकडे वगैरे काही घरांच्या लादीत ताणलेल्या केबल पुरलेल्या असतात, तिथे आधी खात्री केल्याशिवाय ड्रिल लावू नका, त्यातली एक कापली गेली तर फार महागात जातं.

केबलचा हुक ट्रेलरच्या मागच्या आडव्या लोखंडाला, बोटीला नाही. आता अडचण अशी की यंत्र चालवणारा माणूस बोट आणि भिंतीच्या मधे उभा राहतो, म्हणजे नेमकं जिथे उभं राहायचं नाही तिथे. म्हणून कडीला एक कप्पी लावून केबल बाजूला वळवून घ्या, आमची कार त्या दिवशी रस्त्यावर असते आणि मी तिच्या रिकाम्या जागेत उभा राहून दांडा मारतो. ताणलेल्या केबलवर एक जुनी गोधडी टाकून ठेवायची, तुटलीच तर केबल चाबकासारखी उडत नाही. केबलऐवजी दोर वापरणार असाल तर नायलॉनचा नको, तो रबरासारखा ताणतो आणि सुटला की सगळं अंगावर येतं, पॉलिस्टरचा घ्या.

दुसरा माणूस ठोकळ्यांचा. दोन्ही चाकांच्या उताराच्या बाजूला ठोकळा, त्याला दोरी, आणि ट्रेलर चार बोटं पुढे गेला की ठोकळाही ओढून चाकाला चिकटवायचा. बाजूला उभं राहून, ट्रेलरच्या खाली उताराच्या बाजूला नाही. कधीही, कुठल्याही क्षणी सगळ्यांनी हात सोडले तर ट्रेलर फार तर चार बोटं मागे यायला हवा, ही एवढी एक गोष्ट सांभाळली की घाई करावीशीच वाटत नाही. आमच्याकडे हुकूम एकच, "थांब". शेजारचे अमेरिकन आजोबा दरवर्षी खुर्ची टाकून बघायला बसतात, त्यांना मराठीतला तेवढा एक शब्द येतो आणि ते तो आमच्याआधी ओरडतात.

कपाट सरकवल्यासारखं

जागा सपाट असेल, यंत्र नसेल, किंवा शेवटच्या दोन-तीन फुटांत जोर कमी पडत असेल तर ही युक्ती. घरात लोखंडी कपाट सरकवताना आपण ते सरळ ढकलत नाही, एक कोपरा पुढे, मग दुसरा कोपरा पुढे, चालवत नेतो. ट्रेलरही तसाच चालतो.

गॅरेजकडे तोंड करून दांडीपाशी उभे राहा. डाव्या चाकाला पुढून-मागून दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. आता दांडी उजवीकडे ढकला. डावं चाक जागेवर फिरतं आणि उजवं चाक आत सरकतं. मग उजव्या चाकाला ठोकळे, डाव्याचे काढा, दांडी डावीकडे, डावं चाक आत. माझ्या ट्रेलरची दांडी चाकांपासून १४ फूट पुढे आहे आणि दोन चाकांत सात फूट अंतर, म्हणजे दांडी १४ इंच हलली की चाक ७ इंच जातं, जोर निम्मा. शिवाय एका वेळी एकच चाक चढतं, त्यामुळे उंबऱ्याच्या फळीवर अर्धंच वजन. बायको एकटी दांडी हलवते आणि मी ठोकळे बदलतो. चढावर मात्र ही युक्ती करायची तर मागे केबल लावलेलीच हवी, कारण ठोकळे बदलतानाच ट्रेलर निसटतो.

यात सांभाळायचं ते मागच्या कोपऱ्यांना. दांडी उजवीकडे गेली की बोटीचा मागचा भाग डावीकडे जातो आणि दाराच्या चौकटीत असताना आठ इंच कुठल्या कुठे संपतात. म्हणून चौकटीत पावलं छोटी, एका वेळी चाक तीन-चार इंचच. चौकटीला जुन्या गाद्यांचा फोम बांधून ठेवलाय आम्ही, दिसायला भयंकर दिसतं.

चाकाला थेट हात घालता येत असेल तर तेही करा. चिखलात रुतलेल्या गाडीच्या चाकाच्या आऱ्यांना धरून माणसं रेटतात ते उगीच नाही, चाकाच्या माथ्याला लावलेला जोर आखाला लावलेल्या जोराच्या दुप्पट कामी येतो. ट्रेलरच्या मडगार्डमुळे माथा सापडत नाही पण टायरच्या बाजूला पंजा बसतो. बोटं मडगार्ड आणि टायरच्या मधे जाणार नाहीत एवढं बघा.

जॅकचं चाक मात्र मी आता वापरतच नाही. मोठ्या हवेच्या चाकांची ट्रेलर डॉली घेतली आहे, दोन चाकं आणि लांब दांडा. एक स्वस्तातली आधी घेतली होती, ट्रेलरची दांडी ज्या गोळ्यावर बसते तो गोळा बसवलेला तिचा पाइप पहिल्याच दिवशी वाकला. घेताना तिच्यावर दांडीचा भार किती चालतो ते बघायचं, ट्रेलरचं एकूण वजन नाही.

आत गेल्यावर

गॅरेजच्या लादीला दाराकडे थोडा उतार दिलेला असतो, बर्फाचं पाणी बाहेर जावं म्हणून. म्हणजे ट्रेलर पूर्ण आत, सपाटीवर वाटला तरी त्याचा कल बाहेरच असतो. ठोकळे दोन्ही चाकांना दोन्हीकडून, दाराच्या बाजूचे घट्ट. दांडीखाली लाकडी ठोकळा, जॅकच्या भरवशावर सहा महिने नको. मग इंजिन खाली, दार हळू बंद करून बघा कुठे टेकतंय का, आणि दाराचं बटण दाबायच्या आधी चौकटीतला फोम काढा (एकदा विसरलोय). पेट्रोलच्या टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ नये म्हणून घालायचं औषध) घातलेला हवा, आणि त्याच गॅरेजमध्ये ज्योतीवर चालणारा पाण्याचा गीझर असेल तर बोट तिथे ठेवूच नका, पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत जाते. सीटखाली उंदरांसाठी काहीतरी ठेवा, इथले उंदीर थंडी पडली की उशीतला फोम काढून घरटं करतात.

मे महिन्यात बाहेर काढणं सोपं वाटतं, कारण उतार बाहेर. त्यामुळेच ते जास्त धोक्याचं. तेव्हाही केबल आधी लावायची, ताणायची, मग ठोकळे काढायचे, आणि कम-अलाँगचा दातरा एकेक करून सोडत न्यायचं. वॉलाय माशाच्या मासेमारीचा सीझन उघडतो त्या शनिवारी पहाटे हे करायला जाऊ नका, आदल्या रविवारी करा. त्या पहाटे सगळ्यांना घाई असते आणि आजोबाही उठलेले नसतात.